गळाला लागलेले प्रश्न : एका सुटीत ट्राउट आणि म्हसीर?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र वीस वर्षं कृष्णा-वारणेत गळ टाकतोय. कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी सगळं झालं. आता नवीन मासा हवा. मे महिन्यात नऊ दिवसांची रजा काढून मिरजेहून रेल्वेने निघायचं, आधी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट आणि मग उत्तराखंडात रामगंगेवर सोनेरी म्हसीर मारायचा, असा बेत आहे. कसा वाटतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बेत झकास आहे, फक्त तो नऊ दिवसांचा नाही, पंधरा दिवसांचा आहे. बोटं मोडून बघा. मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्लीला पोचायलाच दोन रात्री जातात. तिथून रात्रीची मनालीकडची बस धरून पहाटे औटला उतरायचं, मग बंजारमार्गे तीर्थनकाठचं गुशैणी. परतीला तेवढाच वेळ धरा. म्हणजे नदीकाठी हातात उरतात साडेतीन दिवस. त्यातून तीर्थनवरून उठून रामगंगेसाठी रामनगर गाठायचं तर एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत. दोन्ही नद्यांना 'नमस्कार, येतो' म्हणून परत याल.

मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाणी मोजलं, त्यामुळे मासा कुठला यापेक्षा पाणी कुठलं हे मी आधी बघतो. तुमच्या दोन नद्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. तीर्थनला बर्फाचं पाणी येतं. रामगंगा दूधातोलीच्या डोंगरात उगम पावते, तिला बर्फ नाही. ती झऱ्यांवर आणि पावसावर चालते, म्हणून मे महिन्यात बारीक होते, काचेसारखी नितळ होते आणि मासे डोहांत गोळा होतात. एकीला जे वेळापत्रक लागू, ते दुसरीला नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, तीन दुपारी वाया घालवून कळलं. पहिल्यांदा तीर्थनला गेलो तो जूनचा पहिला आठवडा. आपल्या सवयीने निवांत उठलो, पराठे हाणले, अकराला काठावर. दोन वाजेपर्यंत नदी वीतभर चढली आणि पाण्याला राखाडी रंग आला. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "साहब, धूप ऊपर लगती है, पानी नीचे शाम को आता है." पाटबंधारेवाल्याला हे दुसऱ्याने सांगावं लागलं! वर माथ्यावर ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली यायला काही तास लागतात. म्हणून नदी पहाटे सगळ्यात खाली आणि सगळ्यात स्वच्छ. चौथ्या दिवशी पाचला उठलो. साडेसहाला गळाला पहिला ब्राउन ट्राउट होता, टीचभर लांब. पिवळसर अंग, त्यावर काळे आणि लाल ठिपके, आणि एकेका लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, जसं कुणी बारीक कुंचल्याने बसून काढलंय.

तेव्हा माझा सल्ला असा, की या खेपेला फक्त तीर्थन करा आणि मेचा पहिला पंधरवडा पकडा. जुलैचा विचारही नको. जुलै २०२३ मध्ये कुल्लू जिल्ह्यात रस्ते आणि पूल वाहून गेले होते. ट्राउटची बंदी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असते, त्यामुळे मे महिन्यात ती अडचण नाही. पण मत्स्य विभागाचा परवाना हातात पडल्याशिवाय काठी जोडू नका. किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, हे परवाना देणाऱ्याकडून नीट समजून घ्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, खालच्या अंगाला नदी भरपूर आहे.

नवीन जातींचा हिशोब मांडाल तर तीर्थन तुम्हाला तीन देऊ शकते. ब्राउन ट्राउट हा इथला नव्हे. साहेबाने त्याची अंडी आधी काश्मीरला आणली आणि तिथून १९०९ मध्ये कुल्लूला. रेनबो ट्राउट मूळचा अमेरिकेतला, हल्ली मत्स्यपालनाच्या हौदांतून निसटलेला सापडतो. तिसरा, अस्ला, खरा पहाडी. तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. त्याला सगळे कमी लेखतात. मला तोच सगळ्यात आवडतो. चमच्याला, म्हणजे पाण्यात लकाकणाऱ्या धातूच्या खोट्या आमिषाला, तो सहसा बघत नाही, पण कणकेची गोळी बारीक गळावर लावून संथ पाण्यात सोडली तर तुमची वारणेची वीस वर्षं तिथे कामाला येतील. त्याची संख्या घटते आहे, तेव्हा बघा, फोटो काढा, सोडून द्या.

बाकी मात्र वारणा विसरायची. काठी रोवून, टोकाला घुंगरू बांधून विडी ओढत बसणं तिथे नाही. घुंगरू घरी ठेवा. ट्राउट मोठ्या दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून आपण खालून वर चालत जायचं, म्हणजे त्याच्या पाठीमागून. सावली पाण्यावर पडली की संपलं. सहा फुटी हलकी काठी, सहा पौंडांचा ताण झेलणारी दोरी, दोन नंबरचा स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष), एवढं पुरे. दगडाच्या वरच्या बाजूला टाका आणि प्रवाहाबरोबर आडोशात येऊ द्या. फ्लाय-फिशिंग, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीने गळ टाकणं, देखणं असतं, पण ते शिकायला साडेतीन दिवस खर्च करू नका. पाण्यात गुडघ्याच्या वर उतरू नका, पाणी इतकं गार असतं की पाय घसरल्याचं पायाला उशिरा कळतं.

आता म्हसीर. तुमच्या पत्रातला 'मारायचा' हा शब्द ट्राउटपुरता ठेवा. सोनेरी म्हसीर संकटग्रस्त यादीत आहे, त्याला पकडायचं ते सोडण्यासाठीच. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या आत गळ चालत नाही. बाहेरच्या पट्ट्यात जिथे परवानगी मिळते, तिथेच जायचं आणि जाण्याआधी वनखात्याकडे त्या वर्षीची स्थिती विचारायची. पुढच्या वर्षी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत सलग पाच दिवस फक्त त्याला द्या. आणि त्याआधी चमच्यावरचे गळ बदला. मी बदलले नव्हते. रामगंगेकाठच्या मारचुलाच्या वरच्या एका डोहात, दिवेलागणीला, चमचा पडला आणि तिसऱ्या फेऱ्याला रीळ किंचाळलं. साठ-सत्तर मीटर दोरी गेली असेल. मग एकदम ढिली. ओढून बघतो तर तिकाटी गळ दाबलेल्या सेफ्टी पिनेसारखा चपटा. म्हसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तिथे तो खेकडा, शंख सगळं चुरतो. त्यात बाजारच्या गळाचं काय! तेव्हापासून मी जाड तारेचा एकेरी गळ लावतो, त्याच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून. सोडतानाही त्रास होत नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या मुलीला म्हसीर बघायचाय. त्यासाठी हिमालयातच न्यावं लागेल का?
— एक आई, पुणे

उत्तर : अजिबात नाही ताई. हिमालयातला नाही, पण त्याचा दख्खनी भाऊ तुमच्या गावचाच आहे. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आपल्याकडे याला खडशी म्हणतात. आज पुलावरून ती नदी बघून हे खरं वाटत नाही, पण आहे खरं. टाटांनी लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी त्याची पैदास केली आणि पिल्लं देशभर गेली. त्यातली काही कावेरीत गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या म्हसीरची जागा त्यांनी घेतली. म्हणून 'पिल्लं सोडा, पुण्य मिळवा' म्हणणाऱ्यांना मी जरा दूरच ठेवतो.

मुलीला घेऊन महाडजवळ वाळण कोंडीला जा. नदीच्या डोहात देवीचे मासे, म्हणजे म्हसीरच, आहेत, त्यांना कुणी धरत नाही. मुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात, खवले एकेक नाण्याएवढे. गळ मात्र गाडीतही ठेवू नका, गावाला आवडत नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

प्रश्न : आम्ही मालवणात खडपावर बसून गरवतो. तीच काठी आणि गरी घेऊन ट्राउटला गेलं तर चालेल?
— एक वाचक, मालवण

उत्तर : काठी नको, जड पडेल. गरी तर नकोच, तांबोशी माशाची गरी ट्राउटपुढे म्हणजे शर्टाच्या बटणाला दाभण. हात मात्र न्या, खडपावर लाटेकडे लक्ष ठेवून उभं राहणाऱ्याचा तोल पहाडी नदीत फार उपयोगी पडतो. आणि काठीचे तुकडे प्लंबरकडच्या पीव्हीसी पाइपात घाला, दोन्ही टोकांना झाकण, आत जुना पंचा. एक झाकण मात्र हाताने निघेल असं ठेवा. दिल्लीच्या स्टेशनावर तपासणीत मला तो पाइप दोनदा उघडून दाखवावा लागलाय, आणि पहिल्या खेपेला मी दोन्ही झाकणं सोल्यूशन लावून चिकटवली होती.