घर रविवारी बघितलंस, रस्ता सोमवारी बघ

ठाणे, नौपाडा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

मेसेजमध्ये उत्तर मावणार नाही, म्हणून पत्र लिहितेय. ब्युरेट कशी धरायची इथपासून तुला प्रयोगशाळेत मी शिकवलंय, तेव्हा एवढं सांगायचा हक्क मला आहे असं धरून चालते.

तू लिहिलंस, "ताई, बदलापूरला छान टू बीएचके बघितलाय. हवेशीर आहे, समोर डोंगर दिसतो. गाडी आहेच, रबाळ्याचं ऑफिस पाऊण तासात येतं." या पाऊण तासापाशी मी थांबले. तुम्ही दोघं रविवारी दुपारी घर बघायला गेला असणार. रविवारी दुपारी तो रस्ता पाऊण तासाचाच असतो. सोमवारी सकाळी तोच रस्ता किती तासांचा असतो, हे सोमवारी सकाळीच कळतं.

मी २००३ साली बदलापूरला राहायला गेले आणि पुढची नऊ वर्षं महाप्याला, म्हणजे नवी मुंबईत तुझ्या रबाळ्याच्या अलीकडेच, गाडीने येत-जात होते. सेकंडहँड मारुती ८०० होती. पाईपलाईन रोडने नेवाळी, खोणी, काटई नाका, तिथून शिळफाटा आणि मग डोंगर ओलांडून महापे. तेव्हा पलावाची मोठी वसाहत नव्हती, त्या बाजूला नुसतं माळरान होतं. तरीसुद्धा सकाळी सहा पन्नासला निघाले तर सव्वा तास लागायचा आणि साडेसातला निघाले तर दोन तास. चाळीस मिनिटं उशिरा निघायचं आणि पाऊण तास जास्त रस्त्यावर काढायचा, असा तो हिशोब. आता तर त्या रस्त्यावर घरं कितीतरी पटींनी वाढलीत आणि मेट्रोच्या खांबांसाठी पत्रे लावून रस्ता अडवलाय.

शिळफाट्याला एवढं का तुंबतं, ते समजून घे. उरणच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर कळंबोली, तळोजा करत शिळफाट्याजवळच्याच कल्याणफाट्याला येतात आणि मुंब्रा बायपासला लागतात. तुला जायचंय आडवं, त्यांना जायचंय उभं, आणि दोघांची गाठ तिथेच पडते. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते खरी, पण बंदी उठली की थांबवून ठेवलेले ट्रेलर एकदम सुटतात. त्यातला एक बंद पडला की मागचं सगळं ठप्प. २०१८ साली मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता, तेव्हा ती सगळी वाहतूक ऐरोली आणि ठाण्यावर आली होती. म्हणजे तुझ्या रस्त्याची तब्येत दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्यावर अवलंबून आहे. मोबाईलवरचा नकाशा आत्ताची कोंडी दाखवतो, दोन तासांनी कुठला ट्रेलर बंद पडणार ते दाखवत नाही.

बिल्डरच्या माणसाने तुला ऐरोली-काटई रस्त्याचं सांगितलंच असेल. पारसिकच्या डोंगरातून बोगदा, सुसाट रस्ता वगैरे. तो पूर्ण झाला की फरक पडेल, मलाही वाटतं. पण त्याचं काम कित्येक वर्षं चाललंय आणि तुझा हप्ता पुढच्या महिन्यापासून चालू होणार. आज आहे त्या रस्त्यावर भागत असेल तरच घर घे. नवा रस्ता झाला तर ती वरकड कमाई समज.

आता पैशांचं. तू भाड्याची बचत मांडलीस, पेट्रोल मात्र अंदाजाने धरलंस. जाऊन-येऊन साधारण ७५ किलोमीटर. कोंडीत तुझी गाडी लिटरला १५ देईल, म्हणजे रोज पाच लिटर. आज लिटरला शंभराच्या वर मोजावे लागतात. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११ हजारांच्या वरच गेले. वर्षाला जवळजवळ वीस हजार किलोमीटर नुसती ऑफिसची धाव होते, म्हणजे दहा हजारांना एक सर्व्हिसिंग धरली तर वर्षात जवळजवळ दोन. क्लच प्लेट, टायर, ब्रेक यांचे खर्च वेगळे, आणि कोंडीत क्लच लवकर जातो. सीएनजी बसवलास तर खर्च बराच खाली येईल, पण पंपावरची रांगही वेळातच धरावी लागेल. हे सगळं वजा करून जे उरतं ती तुझी बचत. ती कागदावर मांड आणि बायकोला दाखव.

पैशांपेक्षा मला काळजी आहे ती झोपेची. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

२००८ सालची गोष्ट. कंपनीत ऑडिट चालू होतं. सलग तिसऱ्या दिवशी मी रात्री साडेनऊला सुटले. पाऊस नव्हता, रस्ता मोकळा होता, खिडकी उघडी होती. खोणी मागे पडलेली मला आठवते. त्यापुढचं आठवत नाही. एकदम डावीकडून खडखड आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. डावी चाकं डांबर सोडून खडीवर गेली होती आणि समोर, बोनेटपासून चार-पाच हातांवर, वडाचं खोड होतं. त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा होता. हेडलाइटमध्ये तो पट्टा इतका जवळ दिसला की त्यावरच्या मुंग्यासुद्धा दिसल्या. ब्रेक लागला. इंजिन बंद पडलं. पुढे रस्त्याच्या कडेला टपरी आवरत असलेला एक माणूस धावत आला. त्याने एक शब्द विचारला नाही, आधी माझ्या हातून किल्ली काढून घेतली. मग स्टो परत पेटवून चहा केला आणि म्हणाला, "बाई, आता अर्धा तास बसायचं. घरच्यांना फोन करा." मी बसले. हात इतके थरथरत होते की कप दोन्ही हातांनी धरावा लागला.

ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरच्या वर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. आणि डुलकी लागते ती कोंडीत लागत नाही रे, कोंडी संपून रस्ता मोकळा झाला की लागते. त्या रात्रीनंतर मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला: बारा तासांच्या वर काम झालं की गाडी कंपनीतच ठेवायची आणि ट्रेनने जायचं. तूही हा नियम आत्ताच कर, आणि तो बायकोला सांगून ठेव म्हणजे मोडता येणार नाही.

यासाठी रेल्वेचा पास काढून ठेव, गाडी असली तरी. बदलापूरहून ठाणं तासाभराचं, तिथून ट्रान्सहार्बर लोकलने दिघा, ऐरोली, रबाळे. महिन्याचा सेकंड क्लासचा पास तुझ्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षाही कमीत येतो. गर्दी भयंकर असते, ते मी नाकारत नाही. पण आठवड्यातले दोन दिवस ट्रेन धरलीस तर ते दोन दिवस गाडी घरी राहील, आणि ही गोष्ट तू मुळीच धरलेली नाहीस. घरात एकच गाडी आणि ती रोज सकाळी साडेसहाला तू घेऊन जाणार. मग बायकोचं काय? ती आज ऐरोलीत चालत बाजारात जाते, मैत्रिणीकडे जाते, दहा मिनिटांत ठाण्याला आईकडे पोचते. बदलापूरला बाळ आजारी पडलं की तिच्या हाताशी रिक्षाशिवाय काही नसेल. तिला गाडी शिकव. लायसन्स हातात आल्याशिवाय घर बदलू नका.

साहेबांशीही आधी बोल, टोकन देण्याच्या आधी. साडेसात ते साडेचार अशी वेळ मिळाली तर हा सगळा खटाटोप जमण्यासारखा आहे. साडेनऊ ते साडेसहाच राहणार असेल, तर मला तो तुझ्यासाठी अवघड वाटतो. घर घेतल्यावर मागायला गेलास तर ती तुझी अडचण ठरते, आधी मागितलंस तर ती अट असते. त्या बाजूचे दोघे-तिघे सहकारी असतील तर एकत्र या. पेट्रोल वाटून घ्या आणि कुणासाठीही पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावलाच पाहिजे. आणि पाणी पीत जा. वाटेत सोय नाही म्हणून मी नऊ वर्षं सकाळी पाणी प्यायचं टाळत होते, त्याची किंमत मूत्रमार्गाच्या दुखण्याने दोनदा मोजली.

आता नदीबद्दल. तू लिहिलंस, पश्चिमेला नदीच्या बाजूला स्वस्त पडतंय. माझं घर पश्चिमेलाच होतं, तळमजल्यावर. घेताना मी उल्हास नदीबद्दल कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता. २६ जुलै २००५ ला मी चारला महाप्याहून निघाले, शिळफाट्याला पाणी बघून परत फिरले आणि रात्र कंपनीच्या कँटीनमध्ये काढली. फोन लागत नव्हते. हे तेव्हा नाशिकला होते. मुलगी सहा वर्षांची, शाळेतून येऊन घरी. दुसऱ्या दिवशी मिळेल त्या वाहनाने आणि उरलेलं चालत संध्याकाळी पोचले, तर घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या खांद्याएवढी. मुलगी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे, त्यांच्या मांडीवर झोपलेली. पाणी जिन्यात यायला लागलं तेव्हा आजींनी खाली येऊन तिला उचलून नेलं होतं, दप्तरासकट.

म्हणून सांगते, जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. तुझी इमारत त्यांच्या कुठल्या बाजूला आहे ते नगरपरिषदेत जाऊन विचार आणि शेजारच्या जुन्या माणसांनाही विचार. २०१९ च्या जुलैत याच उल्हासच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकून पडली होती, तेव्हा हे फार जुनं झालंय असं समजू नकोस. महारेराचा, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, पाणी रोज येतं की दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे तू विचारशीलच.

आणि मजल्यावर किती माणसांना नावाने ओळखतोस, हेही पहिल्या महिन्यातच बघ. तू दिवसभर पस्तीस किलोमीटर लांब असशील. तुझ्या घराला जे काही होईल, तिथे आधी शेजारी पोचणार.

मी तुला जाऊ नकोस म्हणत नाहीये. पावसाळ्यात चंदेरीच्या डोंगरावर ढग उतरतात, मे महिन्याच्या अखेरीला दारावर जांभळं येतात, मुलं रस्त्यावर सायकल चालवतात. माझी मुलगी तिथे वाढली याचं मला आजही समाधान आहे. फक्त विकत घ्यायच्या आधी ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, आणि त्यात अख्खा जुलै येईल असं बघ.

त्या आजी आता ८४ वर्षांच्या आहेत, तिथेच असतात. येत्या रविवारी मी त्यांच्याकडे मुक्कामाला जातेय. तुम्ही दोघंही संध्याकाळपर्यंत या, जेवण तिथेच. सोमवारी सकाळी सहा चाळीसला निघायचं. गाडी तू चालव, मी बाजूला बसते, आणि मागे बसलेली सूनबाई घड्याळ बघून वेळ लिहून ठेवेल: नेवाळी, खोणी, काटई, शिळफाटा, महापे, रबाळे. संध्याकाळी परत येतानाही तसंच.

तुझी,
ताई