लूप डिव्हाइसचा नंबर अंदाजाने धरू नका

प्रश्न : ताई, लिनक्सवर डीडी या कमांडने जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत असलेली एक फाइल) काढून ठेवली होती. ती डिस्क आता चालूच होत नाही. इमेज माउंट करायला (आतल्या फाइली उघडता येतील अशी जोडायला) गेलो तर ‘राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक’ असा एरर येतो. इमेज बिघडली असेल का? एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवून बघू?

उत्तर : एफएससीके मुळीच चालवू नका. तुमच्याकडे आता तेवढी एकच प्रत उरली आहे, आणि बहुधा ती धडधाकट आहे. इमेज अख्ख्या डिस्कची असल्यामुळे तिच्या सुरुवातीला पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कोणता भाग कुठे सुरू होतो याची नोंद आहे. फाइल सिस्टिम त्याच्या बरीच पुढे सुरू होते. माउंट मात्र फाइलच्या सुरुवातीपासून सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) शोधायला जातो, तिथे तो नसतोच, म्हणून हा एरर.

लोसेटअप ही कमांड फाइलला लूप डिव्हाइस जोडते, म्हणजे कर्नल ती फाइल डिस्कसारखी वापरू शकतो. रूट (प्रशासक) म्हणून हे द्या :

लोसेटअप --फाइंड --शो --रीड-ओन्ली --पार्टस्कॅन जुनी.आयएमजी

‘फाइंड’ पहिलं रिकामं लूप डिव्हाइस शोधतो, ‘शो’ त्याचं नाव छापतो. समजा /डेव्ह/लूप४ असं छापून आलं, तर पुढे सगळीकडे तेच नाव वापरायचं. बरेच जण आधी एका कमांडने रिकामा नंबर विचारतात आणि दुसऱ्या कमांडने फाइल जोडतात. मधल्या क्षणात दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने तोच नंबर घेतला तर गोंधळ होतो. स्क्रिप्टमध्ये ‘लूप०’ असं थेट लिहून टाकणं तर त्याहून वाईट. ‘पार्टस्कॅन’मुळे कर्नल पार्टिशन टेबल वाचतो आणि लूप४पी१, लूप४पी२ अशी डिव्हाइस तयार होतात. एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) दिलं की ती दिसतील. त्यातलं हवं ते ‘आरओ’ (रीड-ओन्ली, फक्त वाचण्यापुरतं) पर्यायाने माउंट करा.

पार्टिशन दिसलीच नाहीत तर मूळ डिस्कचा लॉजिकल सेक्टर ४०९६ बाइटचा होता का, हे तपासा. लूप डिव्हाइस एरवी ५१२ बाइटचा सेक्टर धरून चालतं, त्यामुळे तशा डिस्कचं पार्टिशन टेबल त्याला सापडत नाही. जोडताना --सेक्टर-साइज ४०९६ जोडून द्या. हाताने ऑफसेट (पार्टिशन सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते) मोजायची जुनी पद्धतही चालते : पार्टिशन २०४८व्या सेक्टरवर सुरू होत असेल तर २०४८ गुणिले ५१२, म्हणजे १०४८५७६. पण तीन-चार पार्टिशन असली की त्या गुणाकारात चूक व्हायला वेळ लागत नाही. मी पार्टस्कॅनच वापरते.

‘रीड-ओन्ली’ लोसेटअपलाच का द्यायचं, माउंटला दिलं ते पुरत नाही का? ईएक्सटी४ (लिनक्समधली एक नेहमीची फाइल सिस्टिम) असेल तर नाही पुरत. डिस्क नीट बंद झालेली नसेल, तर ही फाइल सिस्टिम ‘आरओ’ माउंट करतानाही जर्नलमधल्या (बदलांच्या नोंदवहीतल्या) अपुऱ्या नोंदी पूर्ण करायला डिव्हाइसवर लिहिते. डिव्हाइसच रीड-ओन्ली असलं की लिहिता येत नाही आणि माउंट सरळ नकार देतो. अशा वेळी ‘आरओ,नोलोड’ द्या, म्हणजे जर्नल बाजूला राहतं. शेवटच्या क्षणी बदललेल्या एखाद-दोन फाइली विसंगत दिसू शकतील. त्याच हव्या असतील तर इमेजची आणखी एक प्रत काढा आणि त्या प्रतीवर जर्नल चालू द्या. मूळ इमेजला हात लावायचा नाही.

प्रश्न : लोसेटअप --डिटॅच दिलं, एरर काही आला नाही, पण यादीत डिव्हाइस तसंच आहे. इमेज फाइल पुसली तरी डिस्कवर जागा मोकळी झाली नाही.

उत्तर : कोणीतरी ते डिव्हाइस अजून वापरतंय. लिनक्स ३.७ पासून वापरात असलेलं डिव्हाइस सोडवायला सांगितलं तर कर्नल ‘बिझी’ असं म्हणत नाही. त्यावर ऑटोक्लिअरची खूण करून ठेवतो आणि शेवटचा वापर संपला की सोडवतो. फाइंडएमएनटी (काय कुठे माउंट आहे ते दाखवणारी कमांड) आणि एलएसबीएलके बघा : कुठेतरी माउंट असेल, स्वॅप (मेमरीला पूरक जागा) म्हणून चालू असेल किंवा त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) उभं असेल. जे सर्वांत वर आहे ते आधी उतरवायचं, डिटॅच शेवटी.

पण थांबा. फाइल तुम्ही जाणूनबुजून पुसलीत ना? चुकून पुसली असेल तर यूमाउंट करू नका. लोसेटअप --लिस्टमध्ये त्या फाइलपुढे ‘डिलीटेड’ दिसत असेल, तर फक्त नाव गेलं आहे. डिव्हाइस जोडलेलं आहे तोवर आतला डेटा जसाच्या तसा डिस्कवर आहे, जागा मोकळी होत नाही तीही त्यामुळेच. डिटॅचची खूण तुम्ही आधीच करून बसला आहात, म्हणजे यूमाउंट केलंत त्या क्षणी सगळं जाईल. आधी ‘रिमाउंट,आरओ’ करून लिहिणं थांबवा, मग त्या लूप डिव्हाइसवरूनच डीडीने दुसऱ्या डिस्कवर नवी फाइल काढा. ती उघडून तपासा. मगच यूमाउंट.

प्रश्न : १० जीबीच्या फाइलवर ईएक्सटी४ आहे, जागा कमी पडते. सगळं नव्याने करावं लागेल का?

उत्तर : नाही, माउंट असतानाच वाढवता येईल. ट्रंकेट --साइज=+५जी देऊन फाइल वाढवा (अधिकचं चिन्ह विसरलात तर फाइल ५ जीबीवर कापली जाईल, एंटर दाबण्याआधी पुन्हा वाचा). मग लोसेटअप --सेट-कपॅसिटी आणि डिव्हाइसचं नाव, म्हणजे कर्नलला नवा आकार कळेल. शेवटी त्याच डिव्हाइसवर रिसाइझ२एफएस, म्हणजे आतली फाइल सिस्टिमही वाढेल. ट्रंकेटने वाढवलेली जागा प्रत्यक्षात राखलेली नसते. खालची डिस्क भरली तर आतल्या फाइल सिस्टिमला लिहिताना आय/ओ एरर येतील. डेटा महत्त्वाचा असेल तर एफअ‍ॅलोकेटने जागा आधीच राखून घ्या.

प्रश्न : यादीत मी न जोडलेली ढीगभर लूप डिव्हाइस दिसतात. सगळी एकदम सोडवू का?

उत्तर : नको. स्नॅपने (उबुंटूसारख्या लिनक्सवर प्रोग्राम बसवायची एक व्यवस्था) बसवलेलं प्रत्येक पॅकेज सहसा लूप डिव्हाइसवरच माउंट असतं, ती त्याचीच असतील. तुमची फाइल कुठे जोडली आहे ते लोसेटअप --असोसिएटेड आणि फाइलचं नाव देऊन विचारा, आणि तेवढंच सोडवा. पर्याय लांब नावानेच लिहा, कारण लहान ‘डी’ एक डिव्हाइस सोडवते आणि कॅपिटल ‘डी’ सगळीच. हाताने केलेली जोडणी रीबूटनंतर राहत नाही. दर वेळी हवी असलेली इमेज एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याच्या यादीच्या फाइलमध्ये) ‘लूप’ पर्यायासह लिहा. तशी माउंट केलेली इमेज यूमाउंट केल्यावर डिव्हाइस आपोआप सुटतं, डिटॅच द्यावं लागत नाही.