वाचकांचे प्रश्न : मालागासी आणि खोसा

प्रश्न : मादागास्कर बेट आफ्रिकेच्या अगदी शेजारी आहे. मग तिथली मालागासी आणि दक्षिण आफ्रिकेतली खोसा या भाषा एकाच कुळातल्या समजायच्या का? तशा त्या नसतील, तर दोघींत काहीच साम्य नाही का?

उत्तर : या दोन भाषा एका कुळातल्या नाहीत. मादागास्कर आणि आफ्रिकेची मुख्य भूमी यांच्यामधली मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी साधारण ४०० कि.मी. रुंद आहे, त्यामुळे नकाशा पाहून असा समज होणे स्वाभाविक आहे. खोसा ही बांटू, म्हणजे आफ्रिकेच्या मध्य, पूर्व आणि दक्षिण भागांत पसरलेल्या भाषांच्या गटातली भाषा असून झुलू तिच्या इतकी जवळची आहे, की दोन्ही भाषकांना एकमेकांचे बोलणे बऱ्यापैकी समजते. मालागासी मात्र ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलय, जावानीज आणि तागालोग यांच्या घराण्यातली आहे. तिची सर्वांत जवळची आप्त भाषा महासागरापलीकडे, बोर्निओच्या दक्षिण भागात बोलली जाणारी मा’आन्यान होय, हे ओटो ख्रिश्चन दाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५१ साली सविस्तर दाखवून दिले. मलय आणि मालागासी यांचे शब्द तर त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी, १६०३ मध्ये, फ्रेडरिक द हाउटमान या डच दर्यावर्दीने एकाच पुस्तकात छापले होते.

संख्यावाचक शब्द शेजारी ठेवले, की निराळा पुरावा शोधावा लागत नाही. दोन, चार, पाच, सहा यांना मालागासीत रुआ, एफात्र, दिमी, एनिना म्हणतात. मलयमध्ये हेच शब्द दुआ, एम्पात, लिमा, एनाम असे आहेत. खोसातल्या बिनी, थाथू, ने (दोन, तीन, चार) या धातूंची जोडी मात्र पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली या बांटू भाषेतल्या बिली, तातू, ने यांच्याशी जुळते. (जाता जाता सांगायचे, तर मलय जगातून निघालेल्या या लोकांबरोबर काही संस्कृत शब्दही मादागास्करला पोहोचले. ‘उरलेले’ या अर्थाचा मालागासी ‘सिसा’ म्हणजे आपला ‘शेष’च.)

तरीही दोघींत काहीच साम्य नाही, असे म्हणता येणार नाही. कूळ वेगळे असले, तरी शेजार आपले काम करतोच. मादागास्करला पोहोचलेल्या लोकांनी पाळीव प्राण्यांची बरीचशी नावे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बांटू भाषांकडून उचलली. गाय किंवा बैल म्हणजे उम्बी, कुत्रा म्हणजे अम्बुआ, कोंबडी म्हणजे अकुहु. याच प्राण्यांची स्वाहिली नावे न्गोम्बे, म्ब्वा आणि कुकू अशी आहेत. खोसात कोंबडीला इन्कुकू म्हणतात, तेव्हा या एका शब्दापुरते तरी दोन्ही भाषांचे मूळ एक आहे. दुसरी खूण अधिक खोल आहे. मलयमधला लांगित (आकाश) मालागासीत लानित्र होतो आणि आनाक (अपत्य) झानाका होतो, म्हणजे शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाला स्वराचा आधार दिला जातो. बांटू भाषांतही शब्द स्वरान्त असतात, म्हणून ही सवय त्या भाषकांच्या सहवासातून लागली असावी, असे दाल यांचे मत होते आणि मला ते पटते.

खोसाच्या बाबतीत शेजार ऐकूच येतो. जीभ टाळ्यापासून किंवा दातांपासून ओढून काढले जाणारे क्लिक ध्वनी मूळ बांटू भाषांत नाहीत. ते खोइ आणि सान या दक्षिण आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आले आहेत. हळहळताना आपण ‘च् च्’ करतो, तो त्यांतल्या एका ध्वनीच्या फार जवळचा आहे. उसना शब्द येताना आपला ध्वनी घेऊन येतो, हे समजण्यासारखे आहे. पण खोसाने हे ध्वनी इतके आपलेसे का केले, याचे एक स्पष्टीकरण ह्लोनिफा या प्रथेत शोधले जाते. त्या प्रथेनुसार विवाहित स्त्री सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांतली अक्षरे उच्चारत नाही, आणि ती टाळताना पर्यायी ध्वनी म्हणून क्लिक हाताशी होते.

प्रश्न : मराठी माणसाला यांपैकी कोणती भाषा शिकणे सोपे जाईल?

उत्तर : उच्चारापुरते पाहिले, तर निःसंशय मालागासी. वाक्यरचनेत मात्र तीच अधिक गोंधळात टाकते, कारण तिच्यात क्रियापद आधी आणि कर्ता शेवटी येतो. ‘मिविदी मुफु नी वेहिवावी’ याचा क्रम ‘विकत घेते पाव ती बाई’ असा आहे. बाया अनेक असल्या तरी वाक्यात एक अक्षरही बदलत नाही. काळ बदलला तर फक्त क्रियापदाचा आरंभ बदलतो, म्हणजे भूतकाळी निविदी आणि भविष्यकाळी हिविदी. खरी कसोटी पुढे आहे : वाक्याच्या शेवटी, म्हणजे मानाच्या जागी, पाव आणायचा असेल, किंवा पाव जिथून घेतला तो बाजार आणायचा असेल, तर त्या प्रत्येकासाठी क्रियापदाचे रूप वेगळे असते.

खोसात हेच वाक्य ‘उम्फाझी उथेंगा इसोंका’ असे होते आणि अनेक बायांनी अनेक पाव घेतले, तर ‘अबाफाझी बाथेंगा इझोंका’. नामाचा वर्ग आरंभीच्या प्रत्ययावरून कळतो, आणि क्रियापदाला व विशेषणालाही त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्यांना हे तत्त्व नवे नाही. मात्र तीन लिंगांच्या जागी पंधराएक वर्ग लक्षात ठेवावे लागतात. शिवाय शब्दांतले आवाजाचे चढउतार लिहिले जात नाहीत, ते ऐकूनच शिकावे लागतात. तो आणि ती असा भेद दोन्ही भाषांत नाही. उलट ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा मराठीतला भेद मालागासीत इसिका आणि इझाहाय असा जसाच्या तसा आहे. खोसाचे काम दोन्हीकडे थिना या एकाच शब्दावर भागते.

लिपी दोन्हीकडे रोमन आहे आणि योगायोगाने सुरुवातही एकाच वर्षीची आहे. १८२३ मध्ये राजा पहिला रादामा याने मालागासीसाठी रोमन लिपी ठरवून दिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जॉन बेनी या स्कॉटिश मिशनऱ्याने खोसातला पहिला मजकूर छापला. पण वाचताना सावध राहावे. मालागासीत ‘ओ’ या अक्षराचा उच्चार ‘उ’ होतो आणि शब्दाच्या शेवटचा स्वर बहुधा गिळला जातो. ‘सी’, ‘क्यू’ आणि ‘एक्स’ ही अक्षरे तर मालागासी वर्णमालेत नाहीतच. खोसात नेमकी तीच तीन अक्षरे क्लिक ध्वनींसाठी वापरतात.