केंद्रप्रमुख होण्याआधी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

केंद्रप्रमुखाच्या परीक्षेचा अर्ज भरू का, असं विचारलंस. भर. चांगलं शिकवणाऱ्यानं वर्ग सोडू नये म्हणणारे भेटतील, मलाही भेटले. पण केंद्रप्रमुखाकडं देखरेखीला असतात त्या दहा-बारा शाळांना नुसती माहिती गोळा करणारा माणूस मिळाला, तर त्या पोरांनी कुणाकडं बघायचं? पुढं विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, किंवा लोकसेवा आयोगातून शिक्षण सेवा. वाटा तुला ठाऊक आहेत, त्यावर मी कागद खर्चत नाही.

माझी एक चूक मात्र तुला सांगायची आहे. केंद्रप्रमुख झाले त्या वर्षी नोव्हेंबरात डोंगरावरच्या एका दोनशिक्षकी शाळेत गेले. पट एकतीस, वर्गात चौदा पोरं. "बाकीची आईबापासंगं ऊसतोडीला गेलीत, बाई," गुरुजी म्हणाले. बीडकडं हे वाक्य ऐकून कुणी दचकत नाही. मीही दचकले नाही. शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' लिहिलं, सही केली, चहा घेतला आणि निघाले.

एप्रिलमध्ये परत गेले तेव्हा चौथीतली एक मुलगी कारखान्यावरून आली होती. उसाच्या पातीनं बोटं चिरलेली. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून बांधून तळहात राठ झाले होते. जूनमध्ये तेराचा पाढा घडाघडा म्हणणारी ती पोर हातच्याच्या बेरजेपाशी थांबली आणि खडू तसाच धरून उभी राहिली. तिची आई तिला फडाजवळच्या एका शाळेत घेऊन गेली होती. दाखला नाही म्हणून तिथून परत पाठवलं. शिक्षणहक्क कायदा, २००९ सांगतो की दाखला नसला तरी प्रवेश अडवता येत नाही. ते कलम मला पाठ होतं. पण त्या आईच्या हातात मी साधी चिठ्ठीसुद्धा दिली नव्हती.

पुढच्या वर्षी पोळ्यापासूनच घरोघर फिरलो. तोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणी घेतली, कोयता, म्हणजे तोडणारं जोडपं, कुठल्या कारखान्यावर जाणार, घरी आजी राहते का, सगळं वहीत उतरवलं. आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावातच राहावीत म्हणून जे हंगामी वसतिगृह असतं, त्याचा प्रस्ताव दसऱ्याच्या आत गेला पाहिजे, हे पक्कं लक्षात ठेव. गाड्या भरून गेल्यावर मंजुरी आली तर जेवायला पोरं कुठून आणणार? जी जाणारच होती त्यांच्या आयांकडं शिक्षण हमी कार्ड दिलं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, आणि तिकडच्या शाळेशी आधीच बोलून ठेवलं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असा नियम आहे. पण सभा अकरा वाजता ठेवली तर बाया रानात. आम्ही दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर बसलो. मी वसतिगृहाची योजना समजावून सांगत होते. एक आई मधेच म्हणाली, "बाई, जेवणाचं समजलं. रात्री पोरीला लघवीला लागलं तर तिच्यासंगं कोण उठंल?" माझ्या कागदात याचं उत्तर नव्हतं. तिघींनी पाळ्या लावून घेतल्या, तेव्हा कुठं मुली गावात राहिल्या.

"तोडीवाल्यांच्या पोरांचेच लाड कशाला, सगळी लेकरं सारखी," असं तुझेच सहकारी म्हणतील. मी नवी शिक्षिका असताना, १९९२ साली, सरकारनं दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागं दिवसाला एक रुपया द्यायला सुरुवात केली. रुपया थोडाच होता. पण मुलगी शाळेत बसली की घरात धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला कुणी नसतं, म्हणजे तिच्या शाळेची किंमत घर मोजत असतं, एवढं त्यात कबूल केलेलं होतं. लेकरं सारखी आहेत, पण त्यांची शाळेपर्यंतची वाट सारखी नाही. हे तुला दर महिन्याच्या बैठकीत सांगावं लागेल. न चिडता सांग.

पोर्टलची माहिती, टपाल, बैठका यांत आठवडा संपून जाईल. तरी एक दिवस अख्खा एका शाळेत काढ. परिपाठाला हजर राहा, मागच्या बाकावर बस, खिचडी पोरांच्या पंगतीतच खा. हजेरीपट उघडलास की खालची बेरीज बघण्याआधी सलग 'गै', म्हणजे गैरहजर, पडलेली नावं वहीत लिही, आणि त्यातल्या एका तरी घरी त्याच दिवशी जा.

पोळा झाला की तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमांच्या चकरा वाढतील. त्याआधी तुझ्याच वर्गाची यादी कर आणि अर्जासोबत घेऊन ये. रविवारी मी घरीच असते.

तुझी,
बाई