यादी मागितलीस म्हणून

प्रिय,

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. "काका, दर महिन्याला पाच पुस्तकं आणि पाच पॉडकास्ट सुचवाल का? ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचेत. सगळे केवढं वाचतात, मी फार मागे पडलेय." सोबत तुझ्या फोनमधल्या 'नंतर वाचू' यादीचा फोटो. २१२ लेख. आकडा वरच होता म्हणून मोजावे लागले नाहीत.

यादी देणार नाही. वाचायला एक देईन, ऐकायला एक देईन, आणि दोन्ही दुसऱ्यांदा करायचं ही अट. पहिल्यांदा काय वाटलं ते मला कळवू नकोस.

चिडलीस ना? चीड. पण ही खोड मला अशीच नाही लागली. बँकेत असताना मी अकरा वर्षं दर एक तारखेला नोटीस बोर्डावर 'या महिन्याची पुस्तकं' लावायचो. सुवाच्य अक्षर, खाली लाल शाईची रेघ. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं. एकदा कॅशमधला एक नवा मुलगा डब्याच्या वेळी समोर येऊन बसला. म्हणाला, साहेब, दोन वर्षांपूर्वी तुम्ही लावलेलं ते पुस्तक आत्ता वाचून झालं, पण शेवट काही कळला नाही, जरा सांगता का? मला शेवट आठवेना. शेवट सोड, सुरुवातही आठवेना. काहीतरी ठोकून दिलं. त्याने मान हलवली आणि डबा बंद केला. त्याला सगळं कळलं होतं. पुढच्या एक तारखेला बोर्ड कोरा राहिला, तो राहिलाच.

आठवड्याला एक भाग ही तुझ्या पॉडकास्टवाल्यांनी काढलेली टूम नाही हो. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या चाली, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ऐवजी ५६ गाणी झाली आणि पुढच्या रामनवमीपर्यंत पुरली. माझा जन्म नंतरचा, पण आईची वही माझ्याकडे आहे. रेडिओसमोर बसून निळ्या शाईत उतरवून घेतलेली. जिथे शब्द हुकला तिथे तिने बोटभर जागा कोरी सोडलीय. गाणं पुन्हा लागलं की ती जागा पेन्सिलीने भरायची. काही पानांवर शाईपेक्षा पेन्सिलच जास्त. मला अख्खं आयुष्य लागलं ते तिला चौथी पास होऊन कळलं होतं. पहिल्यांदा ऐकताना आपण कोऱ्या जागा सोडतो, त्या भरतात दुसऱ्यांदा.

आणि तू मला अभिमानाने सांगतेस की दीडपट वेगाने ऐकते, ठाणे ते सीएसएमटी दोन भाग होतात. होत असतील. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग दीडपटीने लावून बघ एकदा. 'प्रथम सूर साधे' हा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल आणि त्याला जोडून 'सहेला रे'. या महिन्यात ऐकायला तेवढंच. भूपात सूर पाचच. सकाळी गायच्या देशकारातही नेमके तेच पाच. मग राग दोन कसे? पहिल्यांदा ऐकताना गोड लागतं, बस. दुसऱ्यांदा कान विचारायला लागतो, ही बाई थांबते कुठे, रेंगाळते कुठे? भूप गंधारापाशी, म्हणजे 'ग'पाशी रेंगाळतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी काही गाण्यातला नव्हे. परत परत ऐकून कळलं.

वाचायला 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. "वाचलंय की शाळेत धड्यात," असं म्हणशील तर फोन ठेवून देईन. कॉलेजात असताना मी वडिलांच्या सोवळ्याचा भाग वाचून हसून हसून बेजार झालो होतो. घरात येणारा जिन्नस धुवायचा, अगदी मीठसुद्धा. चाळिशीत दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की त्या सोवळ्यामागे एक फाशी आहे, १८५७ च्या धामधुमीत नात्यातल्या माणसाला झालेली. अगदी सुरुवातीलाच लिहिलंय बाईंनी. मी ते वीस वर्षांपूर्वी वाचून पुढे गेलो होतो, मिठावर हसत. त्याच घरातल्या मुलीने पुढे स्वतः जातपात कशी एकेक टाकली, ते तर मला तिसऱ्या खेपेलाच नीट दिसलं.

ते दुसरं वाचन झालं तेव्हा नेमकं बढतीच्या परीक्षेचं वर्ष होतं. तुझ्या बाबांनी सांगितलं असेलच, पुस्तकापायी स्केल थ्री, म्हणजे बँकेतली वरची पायरी, घालवली म्हणून. अर्धं खरं आहे. पण पास झालो असतो तर बदली पाटण्याला की कुठे झाली असती कुणास ठाऊक, आणि आईला इथे कोण बघणार होतं? माझ्याबरोबरचे दोघे एजीएम, म्हणजे सहाय्यक महाव्यवस्थापक होऊन निवृत्त झाले. भेटले की मला अजून विचारतात, सध्या काय वाचतोस? मी म्हणतो, तेच. त्यांना वाटतं विनोद करतोय. असो. तुला परीक्षा असली तर आधी अभ्यास कर, माझं ऐकू नकोस.

पुस्तक विकत घेऊ नकोस. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तू रोज त्या गावातून गाडी पकडतेस आणि सभासद नाहीस, हे मला पटत नाही. पुस्तक घे, मुदतीत परत कर आणि तेच पुन्हा नावावर घे. ग्रंथपाल चष्म्यावरून बघतील. बघू देत.

ग्रुपवर या महिन्यात काही टाकू नकोस. महिन्याला आठ पुस्तकं संपवणारा तो तुझा सहकारी आहे ना, त्याला एवढंच विचार की यातलं दुसऱ्यांदा कोणतं वाचलंस. भांडण झालं तर माझं नाव सांग.

भूप दोनदा झाला की एखाद्या सकाळी देशकार लाव, तोही दोनदा. तो कुठल्या सुरावर थांबतो ते मी सांगणार नाही. कळलं की फोन कर, रात्री दहाच्या आत. आणि उत्तर गूगलवर शोधून सांगितलंस तर मी लगेच ओळखेन, कारण मग तू फोन न करता मेसेज करशील.

काका