वाचकांचे प्रश्न : कन्स्ट्रक्टर पुरेना झाला की

प्रश्न : आमच्या ‘कर्जअर्ज’ या जावा क्लासच्या कन्स्ट्रक्टरला (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या कोडला) आता ११ पॅरामीटर झाले आहेत. चार बंधनकारक, बाकीचे ऐच्छिक. ओव्हरलोड करता करता सहा कन्स्ट्रक्टर झाले. परवा कोणीतरी मुदत आणि हप्त्याची तारीख उलटसुलट दिली, दोन्ही पूर्णांक असल्याने कंपायलर गप्प बसला. बिल्डर पॅटर्न (ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने घडवण्याची पद्धत) वापरावा का?
— नोकरीत दोन वर्षं झालेली वाचक, पुणे

उत्तर : वापरा. मात्र ११ हा आकडा फारसा महत्त्वाचा नाही. एकाच प्रकारचे दोन पॅरामीटर शेजारी बसले आहेत, हे खरं दुखणं. ६० महिने मुदत आणि ५ तारीख यांच्या जागी ५ महिने आणि ६० तारीख गेली, तरी जावाला त्यात काही वावगं दिसत नाही.

म्हणून आधी ११ फील्ड (क्लासमधले माहितीचे रकाने) नीट बघा. घर क्रमांक, गाव, पिनकोड सुटे असतील तर त्यांचा ‘पत्ता’ हा वेगळा क्लास करा. जामीनदाराचं नाव आणि खाते क्रमांक यांचंही तेच. बऱ्याचदा एवढ्यानेच ११ चे आठ होतात. चार-पाचच उरले, तर साधा कन्स्ट्रक्टर बरा.

तरीही गर्दी उरली तर ‘कर्जअर्ज’च्या आत एक स्टॅटिक क्लास लिहा, त्याचं नाव ‘बिल्डर’. बंधनकारक चार गोष्टी बिल्डरच्याच कन्स्ट्रक्टरमध्ये मागा, म्हणजे त्या विसरता येणार नाहीत. प्रत्येक ऐच्छिक गोष्टीला एक मेथड द्या आणि तिने तोच बिल्डर परत करावा. शेवटी ‘बिल्ड’ ही मेथड. मुख्य क्लासचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आणि सगळी फील्ड फायनल. मुदत आणि तारीख या दोन्ही बंधनकारक असतील तर अदलाबदलीचा धोका बिल्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्येही तसाच राहतो. तिथे मुदतीसाठी छोटा रेकॉर्ड (फक्त मूल्य धरणारा क्लास) करावा, बिल्डर ही अडचण सोडवत नाही.

‘रक्कम अमुक आकड्याच्या वर असेल तर जामीनदार हवाच’ असे दोन फील्डना जोडणारे नियम ऐच्छिक मेथडमध्ये तपासू नका, कारण कोणती मेथड आधी चालेल याचा नेम नाही. बिल्डरमधली मूल्यं मुख्य ऑब्जेक्टमध्ये उतरवून झाल्यावर, त्या प्रायव्हेट कन्स्ट्रक्टरमध्येच तपासा.

जामीनदारांची यादी उतरवताना तिची प्रत घ्या. जावा १० पासून लिस्टची ‘कॉपीऑफ’ मेथड आहे. प्रत घेतली नाही आणि तोच बिल्डर दुसऱ्या अर्जाला वापरला, की दुसऱ्याचा जामीनदार पहिल्याच्या अर्जात दिसू लागतो. आणि लॉम्बोक (जावासाठी कोड तयार करणारी लायब्ररी) हा सगळा मजकूर आपोआप लिहून देत असलं, तरी फील्डसमोर लिहिलेलं सुरुवातीचं मूल्य त्याचा बिल्डर धरत नाही. व्याजदरासमोर तुम्ही १२ लिहिलेले असतात आणि ऑब्जेक्टमध्ये शून्य येतं. त्यासाठी त्या फील्डवर ‘बिल्डर डिफॉल्ट’ हे अ‍ॅनोटेशन लागतं. कंपायलर इशारा देतो, पण बिल्डच्या नोंदीतले पिवळे इशारे वाचतो कोण!

पायथॉन किंवा कोटलिनमध्ये काम करणाऱ्यांनी या भानगडीत सहसा पडू नये. तिथे पॅरामीटर नावानिशी देता येतो, डिफॉल्टही ठेवता येतो.

प्रश्न : फॅक्टरी मेथड आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी यांत फरक काय? तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शिवाय आमच्या प्रोजेक्टमध्ये एसएमएस, ईमेल आणि छापील पत्र असे सूचनेचे तीन प्रकार आहेत, त्यातलं कोणतं वापरू?
— अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : फॅक्टरी मेथड ही एक मेथड असते आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी हा एक ऑब्जेक्ट असतो. निम्मा गोंधळ इथेच मिटावा.

जावातल्या ‘कलेक्शन’ इंटरफेसची ‘इटरेटर’ मेथड घ्या. यादीवर लूप फिरवताना तुम्ही इटरेटर मागता. तो कोणत्या क्लासचा असेल हे अ‍ॅरेलिस्ट आपलं ठरवते, हॅशसेट आपलं ठरवतो. मागणारा एकच, देणारे निरनिराळे, आणि निर्णय त्या त्या क्लासच्या मेथडमध्ये. ही फॅक्टरी मेथड.

आता डेटाबेसचं ‘कनेक्शन’ बघा. त्याच्याकडून साधं स्टेटमेंट मिळतं, प्रिपेअर्ड स्टेटमेंट मिळतं, सेव्हपॉइंटही मिळतो. कनेक्शन मायएसक्यूएलचं असेल तर हे सगळे मायएसक्यूएलचेच, ओरॅकलचं असेल तर ओरॅकलचेच. एकाचं कनेक्शन आणि दुसऱ्याचं स्टेटमेंट अशी खिचडी होऊच शकत नाही. एकमेकांशी जुळणाऱ्या वस्तूंचं कुटुंब एकाच ठिकाणाहून देणं हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरीचं काम. तिची किंमतही माहीत असावी. नवं कुटुंब आणायचं तर एक फॅक्टरी आणि तिच्या वस्तूंचे क्लास लिहिले की झालं, जुन्याला हात लागत नाही. कुटुंबात नवा सदस्य आणायचा तर मात्र प्रत्येक फॅक्टरी उघडून बदलावी लागते.

तुमच्या प्रोजेक्टला या दोन्हींची गरज दिसत नाही. प्रकार घेऊन ‘स्विच’ करणारी आणि योग्य ऑब्जेक्ट परत देणारी एक स्टॅटिक मेथड पुरे. तिला लोक ‘सिंपल फॅक्टरी’ म्हणतात. पॅटर्नची जी मूळ यादी १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आली, तिच्यातल्या २३ पॅटर्नमध्ये ती नाही. ऑब्जेक्ट घडवण्याचे त्यात पाचच : अ‍ॅबस्ट्रॅक्ट फॅक्टरी, बिल्डर, फॅक्टरी मेथड, प्रोटोटाइप, सिंगलटन. परीक्षक ‘सिंपल फॅक्टरी हा कोणत्या प्रकारचा’ असं विचारून फिरकी घेऊ शकतात, तेव्हा सावध. आणि तोच स्विच कोडमध्ये दुसऱ्या जागी लिहायची वेळ आली, की दोन्ही ठिकाणी त्या एकाच मेथडला बोलवा.

एक चूक मात्र टाळा. फॅक्टरी मेथड पालक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून बोलवू नका. जावात अशा वेळी अपत्य क्लासची मेथड चालते, पण अपत्याची फील्ड अजून भरलेली नसतात, म्हणून हाती नल येतो. सी++ मध्ये त्या क्षणी पालकाचीच मेथड चालते. दोन्हीकडे घोटाळा, तऱ्हा वेगळी.

प्रश्न : पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पावती क्रमांक द्यायला आम्ही सिंगलटन (ज्याचा एकच ऑब्जेक्ट घडतो असा क्लास) केला. डबल-चेक्ड लॉकिंगही (लॉक घेण्याआधी आणि घेतल्यावर असं दोनदा तपासणं) घातलं. तरी एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघाल्या. चुकलं कुठे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं सॉफ्टवेअर दोन सर्व्हरवर चालत असणार. सिंगलटनचं ‘एकच’ हे एका जावा व्हर्च्युअल मशीनपुरतं, नेमकं बोलायचं तर एका क्लासलोडरपुरतं असतं. दोन सर्व्हर म्हणजे दोन सिंगलटन, आणि दोघेही १०१ पासून मोजणार.

सर्व्हर एकच असेल तर लॉकिंग तपासा. ज्या फील्डमध्ये इन्स्टन्स ठेवता त्यावर ‘व्होलाटाइल’ हवं. ते नसेल तर एका थ्रेडला (समांतर चालणाऱ्या कामाला) अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट दिसू शकतो. तेही जावा ५ पासूनच भरवशाचं, त्याआधी व्होलाटाइल घालूनही ही युक्ती चुकीचीच होती. खरं तर डबल-चेक्ड लॉकिंग लिहूच नये, एकच मूल्य असलेला ‘इनम’ (ठरावीक मूल्यांचा जावा प्रकार) तेच काम बिनबोभाट करतो. शिवाय तुमचं लॉक इन्स्टन्स घडण्यापुरतं आहे. आकडा वाढवणाऱ्या ओळीला वेगळं संरक्षण लागतं.

एवढं करूनही सर्व्हर बंद-चालू केला की आकडा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पावती क्रमांक ही डेटाबेसची जबाबदारी. सीक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा) वापरला तर क्रमांक दुबार येत नाही, पण व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे मागे घेतला गेला, की तो आकडा वाया जातो आणि मध्ये खाडा पडतो. लेखापरीक्षकाला खाडा चालत नसेल, तर शाखा आणि आर्थिक वर्ष यांच्या प्रत्येक जोडीला एक ओळ असलेलं टेबल करा. ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने ती ओळ अडवा, आकडा एकने वाढवा आणि पावती त्याच व्यवहारात साठवा. त्या शाखेच्या पावत्या एकामागून एक निघतील, वेग थोडा कमी होईल. पतसंस्थेच्या खिडकीवर ते जाणवणार नाही. शाखा, वर्ष आणि क्रमांक यांवर युनिक बंधन घालाच, म्हणजे पुढे कोणी कोड बिघडवला तरी डेटाबेस अडवेल.

स्प्रिंग ही जावाची चौकट वापरत असाल तर आणखी एक. तिथला बीन (स्प्रिंगने घडवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) काही न सांगता सिंगलटनच असतो आणि सगळ्या खातेदारांच्या विनंत्या त्यातूनच जातात. खातेदाराचं नाव त्याच्या फील्डमध्ये ठेवलंत, तर एकाचं नाव दुसऱ्याच्या पावतीवर छापलं जाईल.

प्रश्न : ‘क्लोन’ केलेल्या ऑब्जेक्टमधली यादी बदलली की मूळ ऑब्जेक्टचीही बदलते. मग प्रोटोटाइपचा (तयार ऑब्जेक्टच्या प्रती काढण्याच्या पॅटर्नचा) उपयोग काय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : जावाचा ‘क्लोन’ वरवरची प्रत काढतो. यादीचा पत्ता उतरवतो, यादी नाही. त्यापेक्षा कॉपी कन्स्ट्रक्टर लिहा आणि बदलू शकणाऱ्या प्रत्येक फील्डची प्रत त्यात स्वतः घ्या. पायथॉनमध्ये ‘डीपकॉपी’ आतपर्यंत जाते.

प्रोटोटाइप कामाला येतो तो ऑब्जेक्ट पहिल्यांदा तयार करणं महाग असतं तेव्हा. फाइलमधून वाचलेला मोठा नमुना, किंवा डेटाबेसला दहा प्रश्न विचारून भरलेला अहवाल. तो एकदा घडवायचा आणि प्रती काढायच्या. डेटाबेसमधल्या ऑब्जेक्टची प्रत काढलीत तर तिचा आयडी आधी रिकामा करा, नाहीतर प्रत साठवताना मूळ नोंदच पुसून तिच्यावर लिहिली जाईल.