नगरपरिषदेचे सभागृह भाड्याने घेताना विमा कोणी काढायचा?

आपला बचत गट नगरपरिषदेचे सभागृह ३ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेत आहे आणि मसुद्यात ‘इमारतीमुळे उद्भवणारी सर्व जबाबदारी भाडेकरूची राहील’ असे वाक्य आहे, म्हणून आपण हे विचारले आहे. इमारतीचा विमा नगरपरिषदेने काढावा, आतील सामानाचा आपण काढावा आणि ते वाक्य खोडून घेतल्याशिवाय सही करू नये, असे माझे ठाम मत आहे. मी त्याच वाक्याखाली सही केली होती.

रायगडच्या किनाऱ्यावरील एका गावात नगरपरिषदेचे मंगल कार्यालय माझ्याकडे भाड्याने होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात त्याचे पत्रे उडाले आणि त्यांतील दोन शेजारच्या कौलारू घरावर पडून त्याची पडवी बसली. घरातली माणसे माजघरात होती म्हणूनच वाचली. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पत्र्याचा एक हूक उचलून चिमटीत दाबला, तेव्हा गंजाचे पापुद्रे त्याच्या बोटांना लागले. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले हे हूक बदलावेत, असा अर्ज मी दोन पावसाळे आधी दिला होता आणि त्याची शिक्क्याची पोच माझ्याजवळ होती. माझ्या खुर्च्या-भांड्यांचे पैसे मिळाले, परंतु छपराचा विमा कोणीच काढलेला नव्हता. शेजाऱ्याचे नुकसान माझ्या आगीच्या पॉलिसीत बसत नव्हते, कारण तिच्यातील वादळ-पुराचे संरक्षण स्वतःच्या मालमत्तेपुरतेच असते आणि त्रयस्थाच्या नुकसानीसाठी सार्वजनिक दायित्वाची वेगळी पॉलिसी लागते. पडवी मी पदरचे पैसे घालून बांधून दिली.

तेव्हाचे संबंधित अधिकारी मला म्हणाले की, वादळापुढे नगरपरिषद काय करणार. आणि त्याच बैठकीत त्यांनी करारातील त्या वाक्यावर बोट ठेवले. वादळ हेच कारण असेल तर मीही जबाबदार नव्हतो, आणि गंजलेले हूक हे कारण असेल तर ते मालकाचे होते, हे मी तेव्हाही सांगितले आणि आजही सांगतो. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली मालक असलेल्या महानगरपालिकेलाच जबाबदार धरले होते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणेही नेहमीची झीज आणि अनिवार्य आपत्ती यांचा भार भाडेकरूवर नसतो. मात्र करारात वेगळे ठरले नसेल तरच हे कलम उपयोगी पडते, आणि म्हणूनच ते एक वाक्य इतके महागात जाते.

नगरपरिषद विमा काढण्यास तयार झाली, तर रक्कम दप्तरी किमतीवर (हिशेबाच्या वहीत घसारा वजा करून उरलेल्या किमतीवर) न धरता पुनर्बांधणीच्या खर्चावर धरायला लावा, अन्यथा दाव्यात त्या प्रमाणात कपात होते. कार्यक्रमाला येणाऱ्या लोकांसाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी मात्र आपणच घ्यावी. स्वयंपाकघरातील सिलिंडर किंवा मांडवाची वायर ही आपलीच जबाबदारी आहे, हे मी नाकारत नाही. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा केवळ घातक पदार्थांपुरता आहे, त्यामुळे त्याचा आधार येथे घेऊ नका. तसेच आपला दस्तऐवज भाडेपट्टा आहे की परवाना (म्हणजे केवळ वापरण्याची परवानगी), यावर बरेच अवलंबून असल्याने मसुदा वकिलाला दाखवा, आणि ताबा घेण्यापूर्वी छपराचे फोटो काढून त्यांवर अभियंत्याची सही घ्या.